फाटकावरचा झगमगाट

"आता लाइट जाऊ दे, नाहीतर अख्खं शहर बुडू दे अंधारात! आपलं घर लखलखणार!" भाऊसाहेबांनी साडूंना फोनवरून ठणकावलं.

भाऊसाहेबांच्या गच्चीवर सोलर होतंच. पण मागे भर दुपारी लाइट गेली, तेव्हा बॅटरी नसल्याने सोलरनेही मुकाट मान टाकली. समोरच राहणारे साडू खिदळले होते, "डोक्यावर सूर्य आणि घरात पंखा बंद! वा रे तुमचं सोलर!" हा टोमणा भाऊसाहेबांच्या असा जिव्हारी लागला, की त्यांनी थेट बॅटरीच बसवायला घेतली. साडूंच्या तोंडून एकदा 'मानलं तुम्हाला' ऐकायचं, बस्स! त्याशिवाय या शहाण्याला घास गोड लागेना.

वायरमन म्हणाला, "साहेब, या बॅटरीवर सगळं घर चालणार नाही. कुठले पॉइंट जोडू?"

"स्वयंपाकघर, फ्रिज, बाथरूम आणि हॉलमधला पंखा," बायको म्हणाली.

"झालं! हिची धाव फ्रिजपर्यंत!" भाऊसाहेबांनी नाक मुरडलं. "चाललेला फ्रिज साडूंना समोरून दिसणार आहे का? फाटकावरचे दिवे जोडा, कुंपणावरचे जोडा, आणि नावाच्या पाटीवरचा तर सगळ्यात आधी!"

"अहो, पण आत..."

"आत कोण बघतंय? आत आपणच असतो!"

बायकोने कपाळावर हात मारला. भाऊसाहेबांनी सांगितलं तसं वायरमनने जोडून दिलं.

आणि रविवारी रात्री ऐन जेवणाच्या वेळीच लाइट गेली! गल्लीत काळाकुट्ट अंधार, आणि भाऊसाहेबांचं फाटक लग्नघरासारखं झगमगतंय! साडू सहकुटुंब रस्ता ओलांडून आले.

"काय थाट आहे हो! आज जेवायला तुमच्याकडेच. निदान पंख्याखाली तरी बसू."

"या, या!" छाती फुगवून भाऊसाहेबांनी दार उघडलं, रुबाबात आत पाऊल टाकलं आणि चपलांच्या रॅकवर धाडकन आदळले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"आपण... बाहेरच बसू," ते आतूनच कण्हले. "छान मोकळी हवा आहे!"

बायकोने अंधारात चाचपडत पातेली बाहेर आणली. फाटकाशी टेबल मांडलं. पाटीच्या दिव्याखाली मंडळी उभ्याउभ्याच जेवू लागली. भाऊसाहेबांचं जेवणात लक्षच नव्हतं. गुडघा चोळत ते साडूंच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. आता म्हणतील, मग म्हणतील!

तेवढ्यात एक स्कूटर थांबली. "काका, दोन पार्सल द्या. तिखट कमी."

"अहो, हे घर आहे!" भाऊसाहेब किंचाळले.

"घर? कुठंय?" स्कूटरवाल्याने मान उंचावून मागच्या काळोखात पाहिलं. तोवर त्याच्यामागे आणखी दोघं येऊन उभे राहिले होते.

साडूंना ठसका लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "मानलं तुम्हाला, भाऊसाहेब! काय धंदा टाकलाय!"

भाऊसाहेबांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती स्कूटरवाल्याला विचारत होती, "डबा आणलाय का?"