दत्ताअण्णांचं जड विमान

ताडकळसला माझं किराणा दुकान आहे. बाकीची गिऱ्हाइकं काट्यावर साखर-डाळ तोलून घेऊन घरी नेतात. दत्ताअण्णा घरूनच काहीतरी आणून माझ्या काट्यावर ठेवतात. कधी वायरचं वेटोळं, कधी मोटर, कधी थर्माकोलचा तुकडा. एकदा तर चष्मा काढून ठेवला. मी म्हणालो, “अण्णा, आता कवळी तेवढी राहिली.” तर खरंच तोंडाकडे हात नेला! मी काट्यावर झाकण घातलं म्हणून बचावलो.

बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत अण्णा बायाबापड्यांच्या डोक्यावरून हात लांबवून काट्यावर एक स्क्रू ठेवायचे.

“अण्णा, द्यायचं काय?”

“द्यायचं काई न्हाई. वजन सांगा.”

“स्क्रूचं?”

“मंग काय माझं?”

अण्णांचा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा. पंचक्रोशीत वऱ्हाडानं जेवायला कधी बसायचं हे अण्णांच्या भोंग्यावरून ठरायचं. वरमाईलासुद्धा ते माइकवरून दटावत. आता धंदा पुतण्या बघतो आणि अण्णा विमान करतात. रिमोटवर उडणारं, घरी केलेलं, हातभर लांबीचं विमान. करतात म्हणजे एकच करतात. तेच पडतं, तेच दुरुस्त होतं, तेच पुन्हा कुणाच्या तरी सोयाबीनमध्ये जाऊन पडतं आणि शेतवाल्याच्या शिव्या आम्ही शेजारी म्हणून वाटून घेतो.

दुखणं एकच होतं. विमान जड आणि पंख तोकडा. म्हणजे पंखाच्या प्रत्येक वितेवर नको तेवढा भार. असं विमान सावकाश उडूच शकत नाही. जोरात आहे तोवर हवेत राहतं, वेग जरा उतरला की धप्पकन खाली. वळताना तर हमखास. हे मला अण्णांनी इतक्यांदा समजावलं की मी आता झोपेतही सांगेन.

नांदेडला कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवणारा माझा मेहुणा दिवाळीला आला होता. त्याला मुद्दाम विमान दाखवलं. त्यानं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, “अण्णा, पंख मोठा करा. विषय संपला.”

“पंखाला हात लावायचा न्हाई,” अण्णा म्हणाले. माइक नव्हता तरी समोरच्या हॉटेलातले लोक उठून उभे राहिले. अर्धा चहा तसाच ठेवून अण्णा निघून गेले. मेहुण्याला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. मलाही तसंच वाटलं.

मग सुरू झालं वजन उतरवणं. आधी विमानाची चाकं गेली. “उतरायला चाकं लागतील ना?” असं विचारलं तर म्हणाले, “आदी चढू तर द्या.” मग रंग खरवडला. वायरी आखूड केल्या. लाकडी पट्ट्यांना भोकं पाडली. पुढं पुढं या वेडाला विमान पुरेना. सायकलचं कॅरिअर काढलं, घंटी काढली, शेवटी स्टँडही काढलं. “गाडी कशी हलकी झाली बगा,” म्हणत ती हलकी गाडी रोज माझ्या कांद्याच्या पोत्यांना टेकवायचे आणि ती रोज तिथून घसरून गिऱ्हाइकांच्या पायावर पडायची. बाजारात जड पिशवी घेऊन चाललेल्या बाईला थांबवून सांगायचे, “मावशी, दोन्ही हातांत वाटून घ्या. एकाच अंगावर बोजा पडायलाय.” मावशी मला विचारायच्या, “बरं न्हाई का ह्यांना?”

एवढं करून विमान उडवलं की पडायचंच. पडलं की मोडायचं. मोडलं की अण्णा बांबूच्या कामट्या लावून, डिंक ओतून, चिकटपट्टी गुंडाळून ते असं भक्कम करायचे की मंडपाचा खांबच उभा करायचा असावा. मग विमान घेऊन काट्याकडे. वजन पहिल्यापेक्षा जास्त!

एका संध्याकाळी ते चिडून, भरल्या दुकानात म्हणाले, “भाऊ, तुमचा काटाच खोटा हाय.”

मला काहीही म्हणा. माझ्या काट्याला नाही. बापाच्या वेळेपासून त्या काट्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. मी शटर ओढलं, काटा बगलेत मारला, शिक्क्याची वजनं पिशवीत घातली आणि तडक अण्णांच्या घरी गेलो.

“लावा वजनं! बघा खरा का खोटा!”

अण्णांनी मुकाट्यानं वजनं लावली. काटा खरा निघाला.

“तुम्ही सांधता म्हणून वाढतं,” मी म्हणालो. “एवढा डिंक ओतता, त्याला वजन नसतं का? आणि हा पंख! ह्याला वरून कापड कशाला? टाके कशाला? विमानाला कुणी हातशिलाई करतं का?”

पंख खोलीतल्या रिकाम्या बाजेवर आडवा ठेवलेला होता. त्याच्यावर ब्लाऊजच्या अस्तराचं कापड बसवलेलं, कडेनं बारीक, एकसारखे टाके. पंखाची दोन्ही टोकं बाजेच्या दोन्ही काठांना बरोबर भिडत होती.

“ती करायची,” अण्णा म्हणाले.

ती म्हणजे सरूवैनी, अण्णांच्या बायको. सगळ्या आळीचे ब्लाऊज शिवायच्या. गेल्या वर्षी गेल्या. शेवटी शेवटी त्यांना उठून बसताही येत नव्हतं. मूलबाळ नाही. वेळ जावा म्हणून अण्णा मोबाइलवर काहीबाही दाखवायचे. त्यात असं एक विमान दिसलं.

“ती म्हन्ली, आपुन करू की एक. मी म्हन्लं करू. पडल्या पडल्या काचकागदानं पंख घासायची. मी एक टोक धरायचो. बाजेवर मावला तेवढाच केला. आजून मोठा केला आसता तर तिचा हात पोचला नसता.” अण्णांनी पंखाची कड अंगठ्यानं चाचपली. “पंख झाला आन् ती गेली. बाकीचं समदं मी केलं. त्येच जड झालं. तिचं बराबर हाय भाऊ. माझं चुकलं. ह्या पंखानंच उडालं पायजे.”

मी भांडायला गेलो होतो. काटा तसाच बाजेवर ठेवून ढसाढसा रडलो. अण्णांनीच मला पाणी दिलं.

वजन आता उतरणार नव्हतं आणि पंख वाढणार नव्हता. उरला वेग. हातानं फेकून तेवढा वेग मिळेना. मग मी म्हणालो, “अण्णा, माझी मोटरसायकल आहे.”

गावाबाहेर म्हाळाप्पाचा माळ आहे. गुडघाभर वाळलेलं गवत, मध्ये बैलगाडीची सरळ वाट. म्हाळाप्पा तिथं मेंढरं चारतो. त्यानं आम्हाला लांबूनच हटकलं, “ओ भाऊ, ते काय आणलंय? माझी मेंढरं बिचकतीन!”

“मेंढरं तिकडं घ्या. विमान हाय,” अण्णा ओरडले.

“कुटं चाललंय?”

“न्हाई सांगता येत!”

वारं समोरून होतं. मी गाडी पळवली. मागं अण्णा, गळ्यात रिमोट, एका हातानं विमान डोक्यावर उंच धरलेलं, दुसऱ्या हातानं माझी कॉलर. खड्ड्यागणिक माझा गळा आवळायचा. “आन्खी! आन्खी जोरात!” म्हणता म्हणता एकदम कॉलर सुटली. मी मान वर केली. विमान पुढं जात होतं. पडलं नाही!

गाडी थांबवून आम्ही बघत राहिलो. ते सावकाश तरंगणारं विमान नव्हतं, वेड्यासारखं धावत होतं. अण्णांनी वेग उतरू दिला नाही, वळणं चांगली लांबरुंद घेतली. म्हाळाप्पानं पटका काढून फिरवला. शेवटी अण्णांनी ते वाऱ्याच्या तोंडावर घेऊन वाळल्या गवतात घातलं. सरसर घसरत लांब जाऊन थांबलं. पंखाचा एक टाकासुद्धा उसवला नव्हता.

मी नाचलो. म्हाळाप्पा म्हणाला, “आन्खी एकदा उडवा की, अण्णा.”

अण्णांनी नको म्हणून मान हलवली. उपरण्यानं पंखावरची कुसळं एकेक करून टिपली आणि विमान मांडीवर घेऊन माझ्या मागं बसले.

परतताना मीच बोलत होतो. आता दुसरं करू, हलकं करू, पंख चांगला लांब करू. गाव जवळ आलं तसे अण्णा म्हणाले, “भाऊ, ती गेल्यावरबी दिवस मावळला की आमी दोघं कामाला बसायचो. मी तिला इचारायचो, आता कुटून कमी करू? ती सांगायची बी. आज ते काम झालं.”

माझ्या पाठीला त्यांचं कपाळ टेकलेलं मला कळत होतं.

त्यांचं घर आलं. दाराला बाहेरून कडी होती, आत दिवा नव्हता. मी गाडी थांबवली नाही.

“भाऊ, घर मागं राहिलं,” अण्णा म्हणाले.

“राहू द्या,” मी म्हणालो आणि पूर्णेच्या रस्त्याला लागलो. अण्णांनी परत फिरा म्हटलं नाही.