सत्तर टक्केवाले कर्णिक

मे महिन्यात दुपारी एक वाजता बडोद्यात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मात्र त्या वेळी भर उन्हात एक सॅक ठेवलेली असते आणि तिच्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, छत्री उघडून, कर्णिककाका बसलेले असतात. मनगटावर घड्याळ, मांडीवर वही. दर पंधरा मिनिटांनी ते सॅकची चेन उघडतात, आतलं चॉकलेट बोटानं दाबून बघतात आणि वहीत काहीतरी टिपून ठेवतात. पापड उलटायला आलेल्या बायका पूर्वी हे बघून थबकायच्या. आता त्या सॅकला वळसा घालून आपले पापड उलटतात आणि खाली जातात.

कर्णिककाका दांडिया बाजारातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. लग्न केलं नाही. आजोबा संस्थानच्या दप्तरात होते, वडील शाळेत, आणि स्वतः काकांनी चौतीस वर्षं रिफायनरीच्या प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला तेल उरलं नाही, म्हणून त्यांनी चॉकलेट धरलं असावं, असं माझे यजमान म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. दरवर्षी जूनमध्ये काका पाठीवर सॅक टाकून हिमालयात आठ-दहा दिवसांच्या ट्रेकला जातात आणि डोंगरात खायला बरोबर नेतात ते फक्त डार्क चॉकलेट. ते कुठलं न्यायचं, हे ठरवायला त्यांना उरलेलं वर्ष लागतं.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही इथं राहायला आलो, तेव्हा मुलीच्या वाढदिवसाचं चॉकलेट द्यायला मी वर गेले होते. काकांनी वेष्टण उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागले.

"मेधा, ह्यात पहिलं नाव कुणाचं आहे? साखरेचं. ज्याचं नाव पहिलं, माल त्याचा. आणि हे बघ, वनस्पती तेल. हे चॉकलेट नाही, मेणबत्ती आहे. वात घाल आणि लाव."

मी ते परत घेऊन आले. मुलीनं आनंदानं खाल्लं.

त्यांचे नियम मला आता झोपेतही म्हणता येतील. कोको सत्तर टक्के. पंचावन्न टक्के म्हणजे पोरखेळ आणि पंच्याऐंशी म्हणजे शिक्षा. बदाम असले तर चालतील, मनुका नाहीत, कारण थंडीत मनुकेचा खडा होतो आणि डोंगरावर दातांचा डॉक्टर नसतो. जरासं मीठ असलं तर उत्तमच, चढताना घाम जातो. वडी फार जाड नको, तुकडे घरीच करून न्यायचे. एकदा वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढरट थर येतो, त्याला लोक बुरशी समजून फेकून देतात. "ती बुरशी नाही, वर आलेली चरबी आहे. खायला काही हरकत नाही, पण दुकानदारानं माल उन्हात ठेवला होता हे कळतं. नमुना बोलतो, मेधा. ऐकणारा पाहिजे." नमुना बोलतो, हे त्यांचं पालुपद. आमच्या जिन्यातला बल्ब गेला तरी ते म्हणतात, नमुना बोलतो.

बरोबरचे ट्रेकवाले बहुतेक गुजराती. ते डबे भरभरून थेपले आणि सुखडी, म्हणजे आपली गुळपापडी, नेतात. काकांचं थेपल्याशी वैर नाही, पण सुखडीबद्दल त्यांचं ठाम मत आहे. "सुखडी फर्स्ट क्लास. पण ती खाल्ली की माणूस बसतो. चॉकलेट खाल्लं की उठतो."

एका वर्षी त्यांना वाटलं, गच्चीवरची परीक्षा एका जागी होते, तिला हालचाल नाही. म्हणून त्यांनी भर दुपारी चार जातींची चॉकलेटं स्कूटरच्या डिकीत टाकली आणि पाणीगेटपर्यंत जाऊन परत असे दोन फेरे मारले. दुसऱ्या फेरीत पोलिसानं अडवून कागद मागितले. काकांनी डिकी उघडली. आत कागद होते, पण ते चार जातींच्या रसात बुडालेले होते. पोलिसानं ते दोन बोटांत धरले, थेंब गळताना पाहिले आणि म्हणाला, "काका, जाओ. घेर जाओ." घरी आल्यावर काकांनी डिकीतला रस वाटीत काढला, खाकऱ्याला लावून खाल्ला आणि वहीत चौघांनाही नापास केलं.

चॉकलेट घ्यायचं ते फक्त अलकापुरीतल्या हितेशभाईंच्या दुकानातून. परदेशी किराण्याचं छोटंसं दुकान आहे, माझ्या ऑफिसच्या वाटेवर. काका महिन्यातून दोनदा तिथं जातात. खिशातून थर्मामीटर काढून शेल्फवर ठेवतात, तो स्थिरावेपर्यंत उभे राहतात आणि विचारतात, "दुकान बंद केल्यावर एसी पण बंद करता का?" पहिल्यांदा हितेशभाई वैतागले होते. "काका, तमे चॉकलेट लेवा आव्या छो के इन्स्पेक्शन करवा?" पुढे त्यांनाही सवय झाली. आता नवीन माल आला की ते स्वतःहून एक वडी काकांसाठी बाजूला काढून ठेवतात.

यंदाचा ट्रेक काकांसाठी शेवटचा. ज्या संस्थेबरोबर ते जातात, ती पासष्ट पूर्ण झालेल्यांना नेत नाही आणि काकांना ऑगस्टमध्ये पासष्ट पूर्ण होतात. हे त्यांनी मला जानेवारीतच सांगितलं होतं, अगदी कोरड्या आवाजात, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. त्या दिवसापासून ते रोज पहाटे सॅकमध्ये विटा घालून जिने चढायला लागले. हृदयाची तपासणी करून घेतली, ती उत्तम आली. बूट नवे घेतले. चॉकलेट तर मार्चमध्येच ठरलं. यंदाइतकं बिनचूक आजवर जमलं नव्हतं म्हणाले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी ऑफिसमधून येताना चीज घ्यायला हितेशभाईंच्या दुकानात शिरले. मला बघताच ते गल्ल्यामागून हसत उठले.

"मेधाबेन, तुमारा काकाने तो भारी करी! मला डेहराडूनवरून फोन आला. ट्रेकवाली बाई. म्हणे, मिस्टर कर्णिकांनी इमर्जन्सीला तुमचं नाव लिहिलंय. मी म्हटलं, कोण कर्णिक? मग लक्षात आलं. अच्छा अच्छा, सित्तेर टकावाळा काका!"

"मग?"

"मग ती म्हणे, यांना हार्टचा काही प्रॉब्लेम? मी म्हटलं, ए खबर नथी बेन, पण पंच्याशी टका त्यांना चालत नथी."

आम्ही दोघं इतके हसलो की दुकानातलं दुसरं गिऱ्हाईकही हसायला लागलं. काकांनी नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, पुरवठादार. हेसुद्धा त्या बाईंनी हितेशभाईंना वाचून दाखवलं होतं. हा किस्सा काकांनाच ऐकवायचा, त्यांची चांगली फिरकी घ्यायची, असं मनाशी ठरवून मी घरी आले आणि पिशवी ठेवून तडक वर गेले.

दार उघडंच होतं. टेबलावर फॉर्म पडला होता आणि काका त्याच्यासमोर बसले होते. संस्थेनं फॉर्म परत पाठवला होता. जवळच्या व्यक्तीचं नाव चार दिवसांत कळवा, नाहीतर जागा पुढच्या माणसाला देऊ, असं खाली लिहिलं होतं. चारातले तीन दिवस संपले होते.

"काका, अहो, हितेशभाई?" मी हसतच म्हटलं.

"त्यात काय चुकलं?" काका मान वर न करता म्हणाले. "चौतीस वर्षं ज्या बाटल्या हाताळल्या, त्यातल्या प्रत्येकीवर छापलेलं असायचं, आणीबाणीत पुरवठादाराशी संपर्क साधा. आणि तो माणूस दुकानात रोज असतो. फोन उचलतो. अजून काय पाहिजे?"

मला आणखीनच हसू आलं. काका हसले नाहीत.

"मागच्या वर्षापर्यंत तिथं ताईचं नाव असायचं," ते म्हणाले.

इंदूरच्या त्यांच्या ताई मार्गशीर्षात गेल्या. तेव्हा मी वर येऊन दहा मिनिटं बसले होते. चहा त्यांनीच केला होता. ताईंनंतर ह्या माणसाला कोण उरलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, त्यानंतरही नाही.

"पुण्याला चुलतभाऊ आहेत ना तुमचे?"

"त्याला केला होता फोन. म्हणाला, टाक ना नाव, त्यात काय. मग म्हणाला, तू सध्या असतोस कुठे, बडोद्यालाच का?" काकांनी पेनाचं टोपण लावलं. "मग नाही टाकलं."

"आणि माझं का नाही टाकलंत?"

"विचारायला आलो होतो दोनदा. एकदा तुझ्याकडे पाहुणे होते. एकदा तू स्वयंपाकाच्या घाईत होतीस."

मला दोन्ही वेळा आठवल्या. दोन्ही वेळा ते दारात उभे राहिले, मी काही विचारायच्या आत त्यांनी चॉकलेटचा तुकडा पुढे केला आणि निघून गेले. दोन्ही वेळा मी आत येऊन म्हटलं होतं, आले कर्णिक नमुना घेऊन. आणि घरातले सगळे हसले होते. मला माझी लाज वाटली. चीजची पिशवी ठेवून मी ज्या उत्साहात जिना चढले होते, त्याचीही वाटली.

"आणा तो फॉर्म," मी म्हटलं.

त्यांनी माझं नाव लिहिलं, नंबर लिहिला. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"नातं काय लिहू?"

"भाची लिहा."

"फॉर्मवर खोटं लिहायचं नाही." त्यांनी विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, शेजारी, खालचा मजला. मग मोबाईलवर फॉर्मचा फोटो काढून पाठवला. दहा मिनिटांत डेहराडूनहून मला फोन आला, मी हो म्हटलं आणि काकांची जागा पक्की झाली. ते मला दारापर्यंत सोडायला आले. मी चप्पल घालत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "अजून एक विचारायचं होतं. हे फॉर्मात नाही."

"विचारा की."

"ताईला मी रोज मुक्कामाला पोचलो की फोन करायचो. म्हणजे काही झालेलं नसायचं. पोचलो, एवढंच सांगायला. रेंज नसली तर दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं सांगायचो. अर्धं मिनिट लागतं. पण तुझं ऑफिस असतं."

"करा ना. रोज करा. कधीही करा."

"कधीही नको. वेळ ठरव," काका म्हणाले. "ताई साडेचारला फोनपाशी येऊन बसायची. कुणीतरी बसलंय हे माहीत असलं की बरं वाटतं चढायला."

मी साडेचार म्हटलं. त्यांनी वही उघडली आणि ते लिहून घेतलं.