आधी डॉक्टरचं वजन

लेतुबांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, तपासणी सुरू होते ती डॉक्टरपासून. डॉक्टरने चपला काढायच्या, चावडीतल्या वजनकाट्यावर उभं राहायचं. लेतुबा वाकून काटा बघतात आणि वजन सगळ्यांना ओरडून सांगतात. मग डॉक्टरने जीभ दाखवायची. सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. त्यानंतर पहिला रुग्ण.

लेतुबा घाटंजीजवळच्या एका कोलाम आदिवासी पोडाचे नायक, म्हणजे प्रमुख. आरोग्य खात्याचे साहेब 'भागीदारी' करायला आले, तेव्हा छापील अटी घेऊन आले होते. लेतुबांनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या, मग त्याच कागदावर साहेबांना भाजलेल्या शेंगा दिल्या आणि पोडाच्या अटी सांगितल्या. दवाखाना चावडीत भरेल. वार पोड ठरवेल. "अन् तुमी आमचे पोट्टे तोलता, तं आमी तुमचा डाक्टर तोलू. भागीदारी म्हंजे दोन्हीकून."

मी तेव्हा सरकारविरोधी पत्रकं काढायचो. सत्तेलाच काट्यावर चढवणारा माणूस मला प्रथमच भेटला होता. 'तपासणाऱ्यांची तपासणी' हे जळजळीत पत्रक मी त्यांना वाचून दाखवलं.

"लंबं झालं," लेतुबा म्हणाले. "काहून एवढा चिडून राह्यला बाबू? जेवला नाही काय?" आणि मलाही काट्यावर उभं केलं.

काट्यामागचा त्यांचा सिद्धांत मला उशिरा कळला. "पह्यला डाक्टर सुकला, बदली घेऊन गेला. दुसरा सुकला, सुट्टीवर गेला तो गेलाच. डाक्टर सुकला का समजून घ्याचं." म्हणून डॉक्टरचं वजन जरा उतरलं की घराघरातून अंडी, भाकरी, तुरीच्या शेंगा चावडीत यायच्या. खाल्ल्याशिवाय डॉक्टरला सोडत नसत.

सगळ्यांत जास्त टिकली ती डॉक्टरबाई. पण त्या वर्षी कपाशीवरच्या फवारणीचं विष माणसांना चढू लागलं. कोणी उलट्या करत यायचा, कोणाला दिसेनासं व्हायचं. बाई या पोडावरून त्या पोडावर धावत होती. तिचे कपडे अंगावर लोंबू लागले.

"बाई, खरं सांग. बदलीचा अर्ज देल्ला काय?" लेतुबांनी भर चावडीत विचारलं.

"लिहिलाय. दिला नाही अजून."

पुढचा फवारा दुसऱ्याच दिवशी होता.

"चढ मंग काट्यावर."

ती चढली. मी जमिनीवर बसलो होतो म्हणून मला दिसलं. तिच्या मागे उभ्या लेतुबांची भेगाळलेली टाच काट्याच्या कडेवर दाबून बसली होती.

"पाहा, बाई काही सुकली नाही!" लेतुबा ओरडले.

बाईने काटा पाहिला. मग मान वळवून टाच पाहिली. उतरली मात्र नाही.

"हो ना," ती म्हणाली, "उलट वाढलंच." आणि ठरल्याप्रमाणे जीभ बाहेर काढून उभी राहिली.

जीभ पाहायला लेतुबांना पुढे यावं लागणार होतं. त्यांच्याने टाच उचलवेना.