नाबरकाकांची नुकसानभरपाई

नाबरकाकांच्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला आधी एक केळं मिळायचं. ते हातात देऊन काका पाठ फिरवायचे आणि उदबत्त्यांचे पुडे लावत असल्याचं नाटक करायचे. केळं लाकडाचं. मी ते चांगली दोन मिनिटं सोलत होतो.

"शिकायला आलास ना रे अमेरिकेत?" काका वळून न बघताच म्हणाले. "चालू दे, चालू दे."

आयसेलिन गावातल्या त्या चिंचोळ्या दुकानात कुकरच्या रिंगांपासून जानव्यापर्यंत सगळं मिळायचं, पण काकांचा जीव खेळण्यांत. कोकणातून त्यांचे थोरले भाऊ ती रंगवून पाठवत. कुणी घासाघीस केली की काका खेळणं हातातून काढूनच घेत. "तुझ्याच्यानं नाही व्हायचं. तू प्लास्टिक घे, खुळ्या!"

दोन हजार आठ साली खेळण्यांच्या रंगातल्या विषारी शिशावरचे नियम एकदम कडक झाले. काकांनी नमुना तपासून घेतला, तो नापास झाला. त्याच दिवशी सगळी खेळणी तळघरात गेली. मग कळलं, बंदीमुळे बुडालेल्या छोट्या दुकानदारांना सरकार भरपाई देणार आहे. ती मिळाली नाही तर वर्षअखेर दुकान बंद, हे काकांनी ओळखलं होतं. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं इंग्रजी उत्तम आहे असा त्यांचा समज होता.

माल किती खपत होता हे ठसवायला मी लिहिलं, 'आमची खेळणी मुलांना इतकी आवडतात की ती तोंडातून काढतच नाहीत.'

"झकास!" काका म्हणाले.

आठवड्याभरात हातमोजे घातलेली एक सरकारी बाई दारात हजर. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मुलांना रंग चाटायला लावत होतो. मग तळघरात उतरून तिने खोक्यांवरच्या तारखा वाचल्या. चार खोकी बंदीनंतर मागवलेली होती. न उघडलेली.

"काका! माहीत असून मागवलीत?" मी ओरडलो. "आता अर्ज बाद होणार ना!"

"दादाला काय सांगू? तुझ्या रंगात विष आहे म्हणून?"

"बिनरंगाची पाठवा म्हणायचं, यार!"

काका खोक्यावर बसले. "ऐंशीचा आहे तो. लाकूड आता दुसरंच कोणी कातून देतं. रंग लावणं तेवढं त्याच्या हातात राहिलंय."

बाईने विचारलं, काय म्हणतायत हे? मी सांगितलं. तिने मान हलवली, पण तारखा त्याच राहिल्या. अर्ज बाद झाला.

डिसेंबरात आम्ही दुकान आवरत होतो. काकांनी दादांना फोन लावला आणि मोठ्या आवाजात सांगितलं, "मोठ्या जागेत जातोय रे! आता माल नव्या पत्त्यावर पाठव. लिहून घे."

पत्ता काकांच्या घरचा होता.