शनिवारी लावायचा वणवा

कोणतंही कार्य सर्वांच्या सोयीनं व्हावं, हे सुसंस्कृत समाजाचं लक्षण आहे. कॅनडातल्या ग्वेल्फच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या मराठी मंडळाचा मी सतरा वर्षं सचिव आहे, त्यामुळे सोय या विषयावर अधिकारानं बोलू शकतो. आमचा गणपती शनिवारी येतो, रविवारी जातो. होळी एप्रिलमध्ये असते (मार्चात हॉल मिळत नाही).

गावाच्या कडेला ओकचं जुनं रान आहे. तिथली वनअधिकारी अनुया ही आमच्याच मंडळातल्या बळवंतरावांची मुलगी. रानात मॅपल माजलेत, त्यांच्या सावलीत ओकची रोपं जगत नाहीत, म्हणून पाचोळ्याला ठरवून आग लावायची, म्हणजे पातळ सालीचे मॅपल जळतील, अशी तिची योजना. मोठ्या ओकना जाड सालीमुळे धक्का लागत नाही. हे सगळ्यांच्या गळी उतरवायला तिला सहा वर्षं लागली. शेवटी बुधवार ठरला. पाचोळा कोरडा होता आणि वारा शेतांकडे.

मंडळानं एकमुखानं पाठिंबा दिला. फक्त वार बदलून मागितला. अर्जावर २१२ सह्या होत्या (पैकी १४० व्हॉट्सॲपवरचे अंगठे).

अनुया मला रानात घेऊन गेली. "काका, ही झाडं दोनशे वर्षांची आहेत. यांच्याखाली गुडघ्याएवढं एक तरी ओकचं रोप दाखवा."

मी प्रामाणिकपणे शोधलं. नव्हतं.

"अगं, पण वेन्सडेला सगळ्यांना ऑफिस असतं. सॅटर्डे कर ना, आपली होळीपण उरकेल."

"काका, वारा वीकेंड बघून वाहत नाही."

तरुण पिढीत लवचिकता कमीच. नगरपालिकेनं मात्र ती दाखवली (निवडणूक जवळ होती).

शनिवारी पुरणपोळ्या ३८०, नारळ अकरा, ढोलपथक एक अशी जय्यत तयारी झाली. वारा फिरला आणि घरांकडे वाहू लागला. अनुयानं आग रद्द केली. आम्ही पार्किंग लॉटमध्ये जेवलो. मग दहा दिवस पाऊस लागला, झाडांना पालवी फुटली आणि वर्ष हातचं गेलं. ते सांगायला ती घरी आली आणि रडली. मला खरंच वाईट वाटलं. फ्रीझरमधल्या चार पोळ्या मी तिला बांधून दिल्या.

पुढच्या वर्षासाठी मंडळानं लोकशाही पद्धतीनं पोल घेतला. शनिवार ११८, रविवार ९३, 'वारा शेतांकडे असेल तेव्हा' १.

तुम्हाला हसू येत असेल. हरकत नाही. वडिलांचं यंदाचं श्राद्ध तिथीला केलंत की रविवारी, तेवढं कळवा.