तिसऱ्या पंगतीचे श्रीखंड

मंडळाच्या पाडवा-भोजनाची सर्व सूत्रे अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाच्या हाती सोपवावीत, हे फक्त हिंदी मुलखातल्या सुदामा नगरच्या मराठी मंडळींनाच सुचू शकते. ज्या गृहस्थाने आयुष्यभर देशाची मागणी आणि देशाचा पुरवठा शिकवला, त्याला श्रीखंडाची मागणी आणि श्रीखंडाचा पुरवठा काय जड जाणार, असा कार्यकारिणीचा युक्तिवाद होता. शरच्चंद्र पुराणिक यांना तो पटला. अनर्थाला तिथूनच सुरुवात झाली.

घरी येऊन त्यांनी ही बातमी पत्नीला मोठ्या ऐटीत सांगितली. कुमुदिनीबाई तेव्हा चक्का टांगण्याची फडकी वाळत घालत होत्या. हातातले फडके दोरीवर नीट ताणून, त्याला चिमटा लावून मगच त्या वळल्या.

"छान झालं. आता एक ऐका. पहिल्या पंगतीला पाहुणे आणि देणगीदार बसतात. दुसरीला बाकीचे सभासद आणि पोरंटोरं. तिसरीला आम्ही बायका. चक्का आम्ही टांगायचा, साखर आम्ही घोटायची, वाढायचंही आम्ही. आणि आमच्या पानावर श्रीखंड येत नाही. पातेल्याच्या कडेला वेलदोड्याचा वास तेवढा उरतो."

"कधीच येत नाही?" शरच्चंद्रांनी विचारले. त्यांना हे खरोखर ठाऊक नव्हते. ते नेहमी पहिल्या पंगतीला बसत आणि तिसरी पंगत बसेपर्यंत घरी येऊन त्यांची झोपही काढून झालेली असे.

"कधीच नाही. यंदा तिसऱ्या पंगतीला श्रीखंड पोचलं नाही, तर पुढच्या पाडव्याला मंडळाच्या स्वयंपाकघरात एकही बाई पाऊल ठेवणार नाही. मी सगळ्यांशी बोलले आहे."

कुमुदिनीबाई बोलल्या की ती गोष्ट ठरली, हे सारी वसाहत जाणून होती. मंडळाचे भोजन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. ते आपल्या कारकिर्दीत बंद पडणार आणि पुढे नावासकट सांगितले जाणार, या विचाराने शरच्चंद्रांनी लगेच कागद-पेन्सिल काढली.

त्यांची नात अबोली दिल्लीला आर्थिक विषमतेवर संशोधन करत होती आणि सणासाठी घरी आली होती. तिने जमिनीवर बसूनच मार्ग काढला. "आजोबा, पंगतींचा क्रमच उलटा करा ना. सिंपल आहे."

"वेडी आहेस का? तुकोजीराव प्रमुख पाहुणे आहेत. सभागृहावर पत्रे घालून देतो म्हणाले आहेत. त्यांना तिसऱ्या पंगतीत बसवू? वरचा माणूस तृप्त झाला की त्याचा हात सुटतो आणि त्यातून सगळ्यांचं भलं होतं. समृद्धी वरून खाली पाझरत जाते, अबोली. खालच्यांना फक्त थोडी वाट पाहावी लागते."

"आजी लग्नापासून वाट पाहून राहिली आहे."

"विषय बदलू नकोस."

"बरं, नाही बदलत. ही जी आजी चक्का टांगते, साखर घोटते, हे काम तुमच्या पुस्तकात कुठे धरतात?"

"घरचं काम बाजारात विकलं जात नाही, म्हणून ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात येत नाही," शरच्चंद्र म्हणाले. "हा माझा नियम नाही, शास्त्राचा आहे."

दोरीवरून एक चिमटा खाली पडला. कुमुदिनीबाईंनी तो उचलला, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्या गप्प राहिल्या म्हणजे काळजी करावी, एवढे ज्ञान शरच्चंद्रांना अर्थशास्त्रातून मिळालेले नव्हते, संसारातून मिळाले होते. त्यांनी काळजी केली.

म्हणूनच त्यांनी अंदाज अत्यंत कसोशीने बांधला. माणूस पहिली वाटी जितक्या आवडीने खातो तितक्या आवडीने दुसरी खात नाही, आणि तिसरी तर त्याला नकोशीच होते. हा सिद्धांत त्यांनी शेकडो विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतला होता. त्याप्रमाणे माणशी दोन वाट्या धरल्या, वर थोडे अधिक धरले आणि तेवढ्यापुरतेच दही मागवले. सिद्धांतात एकच गोष्ट धरलेली नव्हती. सिद्धांत लिहिणाऱ्या साहेबाला जेवताना कोणी आग्रह केलेला नव्हता.

भोजनाच्या दिवशी ते पहाटेच मंडळाच्या स्वयंपाकघरात हजर झाले. मोठ्या पातेल्यात श्रीखंड तयार होते, केशर छान उतरले होते. कोपऱ्यात पाण्याच्या परातीत एक पितळी डबा ठेवला होता, त्यावर ओले फडके होते.

"यात काय आहे?" त्यांनी विचारले.

"ते तुमच्या हिशेबात नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांना दाराबाहेरचा रस्ता दाखवला.

पहिली पंगत बसली. मधोमध तुकोजीराव. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, संस्थान गेले, भूक मात्र वंशपरंपरेने टिकून होती. शरच्चंद्रांनी यंदा पंगतीत बसण्याचे टाळले आणि पातेल्याजवळ उभे राहून ते नजर ठेवू लागले. दोन वाट्यांपर्यंत शास्त्र बरोबर चालले. दुसरी वाटी संपवून तुकोजीरावांनी पानावर आडवा हात धरला, तेव्हा शरच्चंद्रांनी समाधानाने डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा शेजारच्या सुलोचनाबाई तुकोजीरावांपुढे पळी घेऊन उभ्या होत्या.

"हे काय, तुकोजीराव? एवढंसंच? आमचं श्रीखंड आवडलं नाही वाटतं."

"आवडलं ना, वहिनी. पण आता बस हो. पोट आहे की गोदाम?"

"मागल्या साली यामिनीने वाढलं तेव्हा नाही कोणी बस म्हणालं."

हा घाव वर्मी लागला. तुकोजीरावांनी हात मागे घेतला. सुलोचनाबाईंनी वाढले ते पाहून वाढणाऱ्यांतलीच यामिनी दुसऱ्या बाजूने आली आणि तिनेही वाढले, कारण आपण कमी पडलो असे कोणी म्हणू नये. शेजारच्या पानांवरच्या देणगीदारांनी हे पाहिले. त्यांना श्रीखंड नको होते, पण तुकोजीरावांना मिळाले आणि आपल्याला विचारलेही नाही, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. तिसरी वाटी झाली, चौथी झाली. पातेल्यातली पातळी अशी उतरली की शरच्चंद्रांना विहिरीच्या काठावर उभे असल्यासारखे वाटू लागले.

त्यांनी सुलोचनाबाईंना बाजूला बोलावले. "वहिनी, जरा हात आखडता घ्या. पुरायचं नाही."

"पुरायचं नाही?" सुलोचनाबाईंनी अगदी हळू आवाजात विचारले. पण त्यांचा हळू आवाज पलीकडच्या गल्लीत ऐकू जात असे. पहिली पंगत उठायच्या आत ही वार्ता बाहेर ताटकळणाऱ्या दुसऱ्या पंगतीत पोचली, आणि सज्जन माणसांची वर्तणूक त्या क्षणी पालटली.

दुसरी पंगत बसली ती घाईने बसली. "भिया, एकदमच दोन वाट्या वाढून द्या, नंतर मिळेल ना मिळेल," कोणी म्हणाले. ज्यांना गोड वर्ज्य होते त्यांनीही पानावर घेऊन ठेवले. एका आजीबाईंनी पिशवीतून डबा काढला. "सून ऑफिसला गेली आहे," त्या म्हणाल्या. तो रविवार होता.

"श्रीखंड भरपूर आहे, कृपया कोणीही घाबरू नये," शरच्चंद्रांनी मोठ्याने जाहीर केले.

ज्यांना आतापर्यंत शंका आली नव्हती, तेही मग घाबरले.

आता पुरवठा वाढवणे हाच एक उपाय उरला. त्यांनी पुतण्याला, मानसला, गाठले. तो विजय नगरमध्ये संगणकाच्या नोकरीत होता आणि त्याच्याकडे स्कूटर होती. "पलासियाच्या बाजारात जा. मिळेल तेवढं श्रीखंड आण. धाव."

बऱ्याच वेळाने मानसचा फोन आला. "काका, ट्रॅफिकमध्ये फसलो होतो. आता दुकानावर आहे. पाडव्याचा माल सगळा संपून गेला म्हणतोय. एकच मोठा डबा आहे, आणि भाव बढवून राहिला आहे."

"का म्हणून?"

"मी त्याला सांगितलं ना, की आमच्याकडे पंगत बसली आहे, नाही मिळालं तर काकांची इज्जत जाईल."

"हे कशाला सांगितलंस?"

"काका, तुमचीच थिअरी आहे ना? गरज दिसली की भाव चढतो."

शरच्चंद्रांना आयुष्यात प्रथमच त्या नियमाचा राग आला. "घे. जो मागेल तो भाव दे. लवकर ये."

मानस आला तेव्हा तुकोजीराव निरोप घेऊन फाटकापाशी पोचले होते. प्रमुख पाहुण्यांना जाताना घरच्यांसाठी डबा द्यायची मंडळाची जुनी पद्धत होती. यंदा धावपळीत सगळे ती विसरले होते, आणि तुकोजीराव मघापासून उगाच रेंगाळत होते. घामाघूम झालेला एक तरुण हातात मोठा डबा घेऊन आपल्याच दिशेने धावत येतो आहे, हे पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, घरच्यांसाठी पण? काय गरज होती," असे म्हणत त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

मानसने काकांकडे पाहिले. काकांनी सभागृहाच्या उघड्या छताकडे पाहिले. पत्र्यांचे वचन अजून तोंडीच होते. त्यांनी मान हलवली. डबा गाडीत गेला, आणि गाडी निघाली.

"थांबा थोडं, काका," आतून आलेली अबोली त्यांच्या कानाशी म्हणाली, "पाझरेल."

दुसरी पंगत उठली. शरच्चंद्रांनी पातेल्यात डोकावून पाहिले. तळाला पळीच्या ओरखड्यांखेरीज काही नव्हते. बाहेर बायका हात धुऊन पाने मांडत होत्या, आणि प्रत्येक पान मांडल्याचा आवाज त्यांच्या छातीत होत होता. पुढच्या वर्षीचे दृश्य त्यांना स्पष्ट दिसू लागले. चुलीला कुलूप, कार्यकारिणी उपाशी, आणि इतिवृत्तात त्यांचे नाव. आडनावासह.

ते परीक्षेला सामोरे जावे तसे पत्नीसमोर जाऊन उभे राहिले. "पोचलं नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "सुलोचना, डबा आण."

परातीतला पितळी डबा आला. ओले फडके निघाले, झाकण उघडले. आत घट्ट, केशरी, थंडगार श्रीखंड काठोकाठ भरलेले होते.

"हे कुठून आलं?"

"घरून. प्रत्येकीने आपापल्या घरी दूध विरजलं, आपापल्या घरी चक्का टांगला. बाजारातून आलं नाही, त्यामुळे हिशेबात धरलं नाही. हा माझा नियम नाही."

शरच्चंद्रांच्या जिवात जीव आला. "म्हणजे तिसऱ्या पंगतीला श्रीखंड पोचलं. पुढच्या वर्षी स्वयंपाकघर बंद नाही."

"पोचलं नाही. आम्ही आणलं. तुमच्या पातेल्यातून आमच्यापर्यंत काय आलं ते तुम्ही आत्ताच पाहिलंत." कुमुदिनीबाई पंगतीच्या अग्रभागी मांडलेल्या पाटावर बसल्या आणि त्यांनी पदर सावरला. "पण सणासुदीला चूल बंद ठेवणं मलाही शोभत नाही. पुढच्या पाडव्याला पहिल्या पंगतीला आम्ही बसू. वाढायला कार्यकारिणी. पत्रे घालणाऱ्याला पत्रे घालायचे असतील तर तो तिसऱ्या पंगतीत जेवूनही घालेल. कबूल?"

"कबूल," शरच्चंद्र म्हणाले. मग त्यांना आठवले की आपण सकाळपासून काहीच खाल्लेले नाही. पहिली पंगत त्यांनी सोडली होती, दुसरीत बसायला भान नव्हते. "मी पण बसू का?"

"बसा ना. शेवटी जागा आहे."

पंगतीच्या अगदी टोकाला, दारातून येणाऱ्या वाऱ्याच्या झोतात, अबोलीने त्यांच्यासाठी पान मांडले. भात आला, वरण आले, बटाट्याची भाजी आली. श्रीखंडाचा डबा मात्र दुसऱ्या टोकाकडून निघाला.

सुलोचनाबाईंनी कुमुदिनीबाईंना वाढले. "अजून घ्या ना, वहिनी."

"वाढ," कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्यांनी हात आडवा धरला नाही.

मग यामिनीला आग्रह झाला, कारण तिला गेल्या वर्षीही मिळाले नव्हते. तिच्या शेजारणीला झाला, तिच्या आईलाही झाला. एवढ्या वर्षांची बाकी होती, ती कोणी दोन वाट्यांवर सोडायला तयार नव्हते. पळी एक पान पुढे सरके, कोणीतरी "मला दिलंच नाही की," म्हणे, आणि पळी परत दोन पाने मागे जाई.

"अबोली," शरच्चंद्रांनी दबक्या आवाजात विचारले, "बायकांपुरतंच मोजून केलं आहे का गं?"

"मी नाही विचारलं, आजोबा. आजी म्हणाली, तुम्ही दर वर्षी पहिल्या पंगतीला बसता, तुमचं धरायला नको."

दुसऱ्या टोकाला कुमुदिनीबाईंनी पुन्हा वाटी पुढे केली. शरच्चंद्रांनी पानावरची लिंबाची फोड हळूच कडेला सरकवली, श्रीखंडापुरती जागा केली, आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना जे सांगितले होते, तेच ते करत बसले. पळीकडे डोळे लावून वाट पाहत.