चार पेले मैदा, एक छत्री

मला वजनात कुणी फसवू शकत नाही. हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलंय की आवडा, माझी बायको, आता ते ऐकून भाजी ढवळायचंही थांबत नाही.

पण त्या दिवाळीला प्रश्न सासऱ्यांचा होता. तात्यासाहेब म्हणजे वैजापूरच्या बाजारातले धान्याचे आडते. लग्नात त्यांनी मला नमुन्याच्या ज्वारीसारखं न्याहाळलं आणि लेकीला म्हणाले, "पोरगं चांगलं हाये, पण बाजारात ह्याला कुणीबी गुंडाळील." आता ते पहिल्यांदाच आमच्या घरी येणार होते. कवळी नवीकोरी. म्हणून मऊ नानखटाई.

"सामान आपलं, भट्टी मुख्तारभाईंची," आवडा म्हणाली. "चार पेले मैदा, दोन पेले पिठीसाखर, एक पेला तूप. समोर बसून करून घ्या. न् भांडू नका."

मी भांडत नाही. मी पडताळतो! निघण्याआधी तोच पेला पाण्यानं भरून किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला. पेल्याचं वजन वजा जाता पाणी बरोबर पाव किलो. शेर जाऊन किलो आल्याचे ते दिवस, गोंधळात लोक काहीही खपवत होते. मी हिशेब डोक्यात पक्का केला: चार पेले मैदा म्हणजे एक किलो. उन्हासाठी छत्री घेतली आणि शहागंज गाठलं.

संशय पहिला: काटा

"अर्ध्या किलोच्या थोडा वर भरला, भाऊ," मुख्तारभाई म्हणाले.

"मी किलो आणलाय."

"काटा बोलतोय. मी नाय."

"वजनं उलटी करा. शिक्का बघू."

मुख्तारभाईंचा हात थांबला. त्यांनी माझा इस्त्रीचा सदरा बघितला, छत्री बघितली.

"दाखवतो ना, साहेब."

भाऊचा साहेब झाला. मनात खोट असल्याशिवाय होतो?

संशय दुसरा: रांगेतला डबा (काटा निर्दोष सुटला)

शिक्के होते. पेलाभर तूप तोललं, तर तेही जवळजवळ पाव किलो. म्हणजे काटा खरा, तूप खरं. मग मैदा गेला कुठं?

रांगेत सगीराबी नावाच्या एक बाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांचा डबा मला बाळंतविड्यासारखा फुगलेला दिसला.

"माझ्याकडं काय बघता? रवा हाये त्यात. हात घालून बघा."

मी हात घातला. रवा होता. वरचा थर तरी.

संशय तिसरा: मुख्तारभाई स्वतः

"मैदा किलोला भरून द्या."

"साहेब, तूप एवढंच, मैदा वाढला तर खटाई..."

"भरून द्या."

त्यांनी निमूट आपल्या पोत्यातून मैदा घातला. पीठ वळेना. पाणी घातलं. मग वळलं, पण नाइलाजानं वळल्यासारखं. मजुरी विचारली तर त्यांनी हात जोडले. "राहू द्या, साहेब. फक्त आमच्यावर मेहरबानी असू द्या."

मजुरी घेत नाही! चोर सापडला, हे मी वाटभर स्वतःला सांगत आलो.

संशय चौथा

दोन दिवसांनी तात्यासाहेब आले, बाजेवर बसले. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "काय चाललंय तुमच्या शहरात? गाडीत ऐकलं. वजनमाप खात्याचा कुणी साहेब छत्री घेऊन भट्ट्यांवर फिरतो म्हणे. शिक्के तपासतो, बायांच्या डब्यात हात घालतो, न् अर्धा किलो मैदा फुकट लाटून जातो."

"काय एकेक लोक असतात," मी म्हणालो.

आवडानं ताटली पुढं केली. तात्यासाहेबांनी खटाई चावली. कट्कन आवाज झाला. खटाई शाबूत होती. त्यांनी रुमाल तोंडाशी नेला आणि बराच वेळ तिथंच धरला.

आवडा माझ्याकडं वळली. "किती मैदा घातला?"

"चार पेले. म्हणजे किलो. पेल्यात पाव किलो पाणी बसतं, मी स्वतः तोललंय."

"पाणी बसतं. पेलाभर मैदा न् पेलाभर पाणी सारखं भरतं व्हय?"

तेवढ्यात तात्यासाहेबांनी दुसरी खटाई उचलली, खाल्ली नाही. आडत्याच्या सवयीनं तळहातावर दोनदा उडवली. मग दाराच्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं माझी छत्री टेकून उभी होती.

"जावईबापू, तुम्हाला कुणी गुंडाळत नाय, हे मानलं," ते सावकाश म्हणाले. "ह्यात अर्धा किलो मैदा जास्त हाये."

मी पायानं छत्री बाजेखाली सरकवली.